पिसाळणारी लाट

ऐका, आठवडाभर मला झोप नव्हती आणि सगळ्यांना वाटलं, माझ्या लहानग्या पोरीमुळे, ओवीमुळे. मला छळत होती माझ्या पीएचडीची लाट. विरळ वायूच्या नळीत प्लाझ्मा पेटवायचा आणि भोवतीच्या कॉइलनं चुंबकक्षेत्र वाढवत जायचं. मग ऑसिलोस्कोपच्या पडद्यावरची प्रवाहाची एकसारखी लाट आधी एक मोठी, एक लहान अशी होते आणि मग पार पिसाळते. हे खरंच प्लाझ्माचं वागणं, की माझीच काही चूक?

गाईड सर बघायला आले, त्याच दिवशी ओवीची शाळा बंद आणि नवरा खमरियाच्या दारूगोळा कारखान्यात ड्यूटीवर. तिला लॅबमध्येच स्टुलावर बसवलं. सर खुर्चीतूनच म्हणाले, "अर्थिंग ढिलं असेल. घरी लहान पोर, तुमचं लक्ष कुठून लागणार!"

असं डोकं सणकलं! अर्थिंग मी रोज तपासते. कॉइलचा नॉब खाली फिरवला, लाट शांत. वर फिरवला, पिसाळली.

"आता सांगा सर, अर्थिंग माझ्या नॉबचं ऐकून राहिलं काहून?"

"योगायोग असते मॅडम." सर जागचे हलले नाहीत.

पुन्हा फिरवला. पुन्हा तेच. सर मोबाइल बघून राहिले होते.

ओवी स्टुलावरून उतरली आणि सरांसमोर जाऊन तिच्या शाळेतल्या हिंदीत म्हणाली, "अंकल, आई की बारी हो गई. अब आप घुमाओ."