चिकटपट्टीच्या बटणाचा लॅपटॉप

जबाब
पोलीस ठाणे, सान ब्लास पेठ, वांकायो
दिनांक २० जून २०१८, दुपारी १ वाजून १० मिनिटे

नाव: सेनाइदा ओरिवेला पोमा. वय: ५७ वर्षे. धंदा: टंकलेखन. राहणार: पासाहे लोस सिप्रेसेस, घर क्रमांक १४, दुसरा मजला, वांकायो.

मी समक्ष ठाण्यात हजर राहून, विचारल्यावरून, कोणाच्याही दबावाशिवाय जबाब देते की,

मी वरील पत्त्यावर एकटी राहते. गेली एकतीस वर्षे न्यायालयाच्या बाहेरच्या फुटपाथवर टेबल मांडून लोकांचे अर्ज, करारनामे आणि तक्रारी टंकून देते. रांगेत आम्ही सहा जण बसतो. माझे टेबल दारापासून तिसरे.

माझ्या टेबलाशेजारी एल्मर तिक्से, वय अंदाजे ३५, हा मोबाइलची कव्हरे आणि चार्जर विकतो. त्याला मी सहा वर्षांपासून ओळखते. संध्याकाळी माझे टेबल आणि टाइपरायटर तोच उचलून गोदामात ठेवायचा. मला मावशी म्हणतो. गेल्या वर्षी मला निमोनिया झाला तेव्हा रोज गरम सूप घेऊन जिना चढून येणारा तोच होता. हे गुन्ह्याशी संबंधित नाही असे मला सांगण्यात आले, तरी लिहून घ्यावे.

या वर्षी लोक टाइपरायटरवरचा कागद नको म्हणू लागले. समोरच्या झेरॉक्सच्या दुकानात संगणक आहे, गिऱ्हाईक तिकडे जात होते. दिनांक २ जून, शनिवारी सकाळी अकराच्या सुमारास एल्मरने एक लॅपटॉप पिशवीतून काढून माझ्या टेबलावर ठेवला. तो म्हणाला, "मावशी, हा घ्या. तीनशे सोल. तुमच्यासाठी म्हणून." दुकानात असा लॅपटॉप दीड हजाराच्या खाली मिळत नाही हे मला माहीत होते. मी त्याला तीनशे सोल रोख दिले. पावती मागितली नाही. दुसऱ्यांच्या खरेदी-विक्रीचे कागद मी रोज टंकते, त्यात वस्तू कोणाची, कुठून आली, हे पहिल्या ओळीत घालते.

लॅपटॉपचे वर्णन: काळा रंग. झाकणावर आपल्या झेंड्याच्या लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा, विश्वचषकाचा मोठा स्टिकर, नवीन. स्टिकरच्या कडेखाली जुना काहीतरी खरवडून काढल्याच्या खुणा. 'एन्ये' (ñ) अक्षराचे बटण निघालेले. त्या जागी डॉक्टरी चिकटपट्टीचा तुकडा, त्यावर निळ्या शाईने हाताने अक्षर काढलेले.

दिनांक ३ जून, रविवारी सकाळी दहा वाजता मी तो घरी चालू केला. पासवर्ड लागला नाही. आत अभ्यासाच्या फाइली आणि फोटोंचे फोल्डर होते. मी अंदाजे वीस फोटो पाहिले. मग उठून खिडकीचा पडदा ओढला. माझी खिडकी दुसऱ्या मजल्यावर आहे आणि समोर भिंत आहे. पडदा का ओढला असे विचारल्यावरून सांगते की, मला सांगता येत नाही. त्यानंतर मी आतले सगळे पुसून टाकले, कचरापेटीही रिकामी केली. परक्याच्या घरातले फोटो आपल्याकडे ठेवणे बरे नाही, असे मी तेव्हा स्वतःशी म्हटले.

दिनांक ४ ते १४ जून मी त्या लॅपटॉपवर काम केले. अंदाजे साठ अर्ज टंकले.

दिनांक १४ जून, गुरुवारी सकाळी साडेनऊला एक बाई माझ्या टेबलाशी आल्या. नाव फोर्तुनाता बाल्देओन सुल्का, वय ५२, राहणार चुपाकाकडील गाव, धंदा भाजीविक्री. यापूर्वी त्यांना मी पाहिलेले नाही. त्यांना सरकारी वकिलांच्या नावे अर्ज हवा होता. त्या समोरच्या स्टुलावर बसून सांगू लागल्या आणि मी टंकू लागले. त्यांनी सांगितले ते असे:

"माझा मुलगा एडसन कामारेना. एकवीस वर्षांचा. विद्यापीठात जातो, मातीचं शिकतो, शेतीच्या मातीचं. अठ्ठावीस मे ला बसमधून उतरला, तर दोघांनी त्याची बॅग ओढली. त्यानं सोडली नाही. सोडायला हवी होती ना ताई? डोक्यात वीट घातली. तेव्हापासून दवाखान्यात आहे."

मी बॅगेत काय होते ते विचारले. अर्जात ते घालावे लागते.

"वह्या. एक स्वेटर. त्याचा लॅपटॉप. काळा होता." त्यांनी माझ्या समोरच्या झाकणाकडे पाहिले. "तुमच्यासारखाच, पण तुमचा छान आहे, झेंडा लावलाय. त्याच्यावर त्याच्या वर्गाचं चित्र चिकटवलेलं होतं."

मी ओळखीची काही खूण विचारली.

"एक बटण नव्हतं. बैलाच्या खुराला लावायची चिकटपट्टी असते ना, दवाखान्यातली, त्याचा तुकडा मीच कापून दिला. अक्षर त्यानं काढलं."

त्या वेळी माझे बोट त्या तुकड्यावर होते. अर्जाचा पहिलाच शब्द, 'सेन्योर', त्या अक्षरावाचून होत नाही आणि पुढेही ओळीओळीत ते येते. मी टंकणे थांबवले नाही. त्यांच्या बाजूने बटणे दिसत नाहीत, फक्त झाकण दिसते.

पुढे त्या म्हणाल्या, "आणि असं लिहा ताई, की मला मशीन नको. ज्यानं नेलं त्याला ठेवू दे. मला आतले फोटो हवेत. पोरानं डोळे उघडलेत, पण मला ओळखत नाही. डॉक्टर म्हणतात घरचे फोटो दाखवा, रोज दाखवा, त्यानं फरक पडेल. आमच्याकडे कागदावरचा एकच आहे, सहा वर्षांचा असतानाचा. बाकी सगळे त्यातच."

हे वाक्य मी जसेच्या तसे टंकले. अर्ज पेनड्राइव्हवर घेऊन समोरून छापून आणला. त्यांना वाचता येत नाही म्हणून वाचून दाखवला. मजुरी घेतली नाही. त्या मला "देव तुमचं भलं करो" म्हणाल्या आणि आत गेल्या. तेव्हा मी त्यांना काही सांगितले नाही.

सांगितले का नाही असे विचारल्यावरून सांगते की, चोरीची वस्तू विकत घेणाऱ्याला किती वर्षे होतात ते मला माहीत आहे. मी ते कलम लोकांसाठी टंकले आहे. शिवाय एल्मर तीन हातांवर उभा होता.

त्याच दिवशी दुपारी मी लॅपटॉप गावाच्या दुसऱ्या टोकाला एका दुरुस्तीवाल्याकडे नेला. पुसलेले परत येते का, एवढेच विचारले. त्याने सांगितले, "येतं कधीकधी. पण पुसल्यावर वापरलाय का?" मी अकरा दिवस वापरल्याचे सांगितले. तो म्हणाला, "जे नवीन लिहाल ते जुन्याच्या डोक्यावर जाऊन बसतं, सेन्योरा. आता हात लावू नका. चालूसुद्धा करू नका." मी त्या वेळी मनात माझे साठ अर्ज मोजले. लॅपटॉप घरी नेऊन पिठाच्या डब्यामागे ठेवला.

दिनांक १५ जून, शुक्रवारपासून मी पुन्हा टाइपरायटर बाहेर काढला. रांगेतल्या लोकांनी थट्टा केली. शेवटच्या टेबलावरचे तेओदोमिरो म्हणाले, "काय हो सेनाइदाबाई, आठ दिवसांत काडीमोड?" मी हसले. एल्मर हसला नाही.

दिनांक १६ जून, शनिवारी सकाळी अकराला आपल्या देशाचा डेन्मार्कशी फुटबॉलचा सामना होता. न्यायालय बंद असले तरी शनिवारी आम्ही दुपारपर्यंत बसतो. त्या दिवशी सगळी रांग उठून कोपऱ्यावरच्या चिकनच्या खाणावळीत टीव्हीपुढे गेली. मी एकटी होते. एल्मर संघाची लाल पट्ट्याची जर्सी घालून आला आणि गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसला. आमचे बोलणे झाले ते असे:

"मावशी, मशीन कुठंय?"

"बिघडलंय."

"द्या की मग. दुरुस्त करून आणतो."

"घरी आहे."

"मग घरी येतो. मला काय, जिना ठाऊक आहे."

मी म्हटले, "एल्मर, ते कुठून आणलं होतंस?"

तो टीव्हीच्या दिशेने वळला. मग म्हणाला, "आज विचारताय? त्या दिवशी विचारलं असतंत तर सांगितलं असतं. खरंच सांगितलं असतं, मावशी. तुमच्याशी मी खोटं बोललो नसतो. म्हणूनच तुम्ही विचारलं नाहीत."

मी रिबनचा डबा उघडून पुन्हा बंद केला.

तो म्हणाला, "त्या बाईचं सगळं बोलणं ऐकलं मी. मला ते पोराचं माहीत नव्हतं, आईशपथ. पण ज्यानं मला दिलं ना, तो माझ्यासारखा स्टुलावर बसून बोलत नाही. माझ्या घरी लहान मुली आहेत. तुम्ही ते जाळून टाका. नाहीतर मला द्या, मी जाळतो. सोमवारपर्यंत."

त्याच वेळी खाणावळीतून मोठा आवाज आला. आपल्याला पेनल्टी मिळाली होती असे नंतर कळले. मी एवढी दचकले की रिबनचा डबा खाली पडला. तो एल्मरने उचलून टेबलावर ठेवला आणि गेला.

ज्याने लॅपटॉप दिला त्या इसमाचे नाव एल्मरने मला सांगितले नाही.

शनिवार दुपार ते सोमवार सकाळपर्यंत मी घराबाहेर पडले नाही. दाराला आतून कपाट लावले. रविवारी दुपारी चारला दोन इसम मोटारसायकल थांबवून आमच्या गल्लीच्या तोंडाशी उभे होते, अंदाजे वीस मिनिटे. हेल्मेट घातलेले. गाडीचा क्रमांक दिसला नाही. त्यांचा या प्रकाराशी संबंध होता असे मी म्हणू शकत नाही. त्या वीस मिनिटांत मी दोन वेळा काडेपेटी हातात घेतली. लॅपटॉप जाळला नाही. प्लॅस्टिकचा धूर होईल, शेजारी विचारतील, म्हणून जाळला नाही. दुसरे कारणही होते, पण पहिले हे होते.

सोमवारी आणि मंगळवारी मी टेबलावर गेले. एल्मर आला नाही. त्याचा स्टँडही गोदामात नाही. तो कोठे आहे हे मला माहीत नाही.

आज दिनांक २० जून, बुधवारी सकाळी दहाला फोर्तुनाताबाई पुन्हा आल्या. त्यांना स्मरणपत्र हवे होते. मुलगा आता बोलतो, पण त्यांना "नर्सबाई" म्हणतो, असे त्यांनी सांगितले. मी टाइपरायटरमध्ये कागद घातला, तारीख टंकली आणि पुढे मला टंकता आले नाही.

मी म्हटले, "ताई, ज्याच्यावर मी त्या दिवशी लिहिलं, ते तुमच्या मुलाचं मशीन आहे."

त्या म्हणाल्या, "कुठलं? झेंड्याचं?"

"हो."

"आणि फोटो?"

"मी पुसले. मला माहीत नव्हतं कोणाचे ते. पुसले मी."

त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी टेबलावरचा माझा हात मनगटाशी धरला आणि म्हणाल्या, "पैसे घेतले नव्हतेत तुम्ही माझे. गावात जाऊन मी सगळ्यांना सांगितलं." नंतर म्हणाल्या, "उठा."

आम्ही दोघी आधी माझ्या घरी गेलो. लॅपटॉप पिशवीत घातला आणि चालत ठाण्यावर आलो. वाटेत त्यांनी माझे मनगट सोडले नाही. मीही सोडवून घेतले नाही. एकटी आले असते तर ठाण्यापर्यंत पोचले असते की नाही, हे मी खात्रीने सांगू शकत नाही.

ठाण्यात बाकावर बसलो असता त्यांनी विचारले, "पुसण्याआधी पाहिलेत?"

मी सांगितले, "थोडे. वीसेक."

"काय काय होतं?"

मला आठवले ते मी सांगितले. पत्र्याच्या छपरावर उभा असलेला एक तांबडा कुत्रा. हातात मातीचे ढेकूळ धरून हसणारी चार मुले. मोडलेली खुर्ची. पाठमोरी बसून वाटाण्याच्या शेंगा सोलणारी एक बाई, वेणी दोरीने बांधलेली.

त्या म्हणाल्या, "ती मी." मग म्हणाल्या, "तो कधी काढला? मला सांगितलंच नाही त्यानं." आणि पुढे, "अजून?"

मी आठवत राहिले. पंधरा झाले. बाकीचे आठवले नाहीत. त्यांनी पंधराच्या पंधरा पुन्हा सांगायला लावले आणि मी सांगितले. दवाखान्यात भेटीची वेळ तीन ते चार आहे, मला सोडल्यास तेथे येऊन मुलाला हेच सांगावे, असे त्या म्हणाल्या. मी हो म्हटले.

ठाण्यातील तंत्रज्ञांनी लॅपटॉप ताब्यात घेतला. तो लीमाला पाठवावा लागेल, किती परत येईल ते सांगता येत नाही, असे त्यांनी फोर्तुनाताबाईंना माझ्यासमोर सांगितले.

एल्मर तिक्से याच्याविरुद्ध तक्रार आहे काय असे विचारल्यावरून सांगते की, त्याने मला लॅपटॉप विकला हे खरे आहे. त्याच्या मुली लहान आहेत हेही खरे आहे. दोन्ही लिहावे.

मला भीती वाटते काय असे विचारल्यावरून सांगते की, होय.

हा जबाब इथपर्यंत अंमलदार बाईंनी संगणकावर लिहिला, पुढचे मी हाताने जोडले आहे. छापून झाल्यावर त्यांनी तो मला वाचायला दिला आणि मी तो स्वतः, सावकाश, दोनदा वाचला. खरेदीच्या परिच्छेदात त्यांनी आपणहून एक वाक्य घातले होते: "सदर वस्तू चोरीची असल्याची मला कोणतीही कल्पना नव्हती." त्या म्हणाल्या, "राहू द्या ते. तुमच्याच सोयीचं आहे." हे वाक्य मी एकतीस वर्षांत किती जणांसाठी टंकले याची मोजदाद नाही. ते कोर्टात उपयोगी पडते हेही मला माहीत आहे. मी ते खोडायला सांगितले आणि त्या जागी हाताने लिहिले: "मला शंका आली होती. मी विचारले नाही." खोडलेल्या जागी माझी आद्याक्षरे आहेत.

बाकी मजकूर माझ्या सांगण्याप्रमाणे आहे. खाली सही केली आहे. सही ओळखपत्रावरील सहीशी जुळत नाही असे अंमलदार बाईंनी दाखवून दिले. म्हणून बाजूला उजव्या हाताच्या तर्जनीचा ठसा दिला आहे, तो माझाच आहे.

सेनाइदा ओरिवेला पोमा
वेळ: दुपारी २ वाजून ३५ मिनिटे