वेशीवरचं पाणी

खरं सांगतो, आमच्या कॉलेजातल्या सरांना थोडी वीज साठवून ठेवणारा कपॅसिटर म्हणजे शोभेची वस्तू वाटायची. त्यांचंच ऐकून मी शिरोलीतल्या कारखान्यात माझ्या पहिल्या सर्किट बोर्डवर सगळे कपॅसिटर कडेला एका ओळीत बसवले. शेजारची मोटार सुरू होताना वीज क्षणभर कमी पडली की चिप बंद! मालक म्हणाला, "संध्याकाळपर्यंत चाललं न्हाय, तर उद्या येऊ नको."

दुरुस्तीवाले रशीदचाचा बोर्ड बघून ओरडले, "तहान चिपला लागलीया आणि पाणी वेशीवर ठेवलंयस व्हय रं?" त्यांनी एक कपॅसिटर उपटून थेट चिपच्या पायांना डाख देऊन जोडला. मोटार फिरली, तरी चिप चालूच.

मालकानं विचारलं, "कुणी शोधलं?"

"ह्या पोरानंच की," चाचा म्हणाले.

तेव्हापासून रोजचा पहिला चहा मी चाचांना नेऊन देतो. कॉलेज सोडल्यावर मोठ्या माणसानं माझ्याबद्दल बोललेलं ते पहिलं चांगलं वाक्य, आणि तेही धडधडीत खोटं.