आतलं अस्तर

— नाही काका, मला वाटलं होतं त्याच्या उलटंच निघालं. तिकडे परदेशात शिकताना वाटायचं, दोष पेशींचा. बायपासमध्ये पायातली शीर काढून हृदयावर जोडली की तिला धमनीचा दाब सोसत नाही – भिंतीतल्या स्नायूपेशी बिथरतात, आत सरकतात, वाढत सुटतात, भिंत जाड होते, वाट बुजते. त्यांना आवरणारं औषध शोधायचं, एवढं ठरवून परत आले मी. बसा हो. पेशंटला अजून आत घेतलेलं नाही, विचारलंय मी सिस्टरांना.

तुमच्या ऑपरेशनमधले शिरेचे उरलेले तुकडे मी मागून घेत होते ना – दर वेळी एक पायातून काढल्या काढल्या, एक जोडायच्या आधी – काल ते सगळे शेजारी शेजारी ठेवून पाहिले. पहिल्याचं आतलं अस्तर अखंड. दुसऱ्याचं सोललेलं, हृदयापर्यंत पोचायच्या आधीच. मधे काय होतं? मधे तुम्ही सिरिंज लावून सलाइन भरता, शीर गळते का बघायला. सगळेच भरतात, मान्य – पण तुम्ही ती टम्म फुगेपर्यंत दाबता. ‘अंगठ्याला कळतं’ म्हणता. अस्तर गेल्यावर पेशींना आवरणारं राहिलं कोण? त्या बिचाऱ्या जखम भरायला धावतात – त्यांचं कामच ते.

हसू नका. दमलेय मी. बाबांचा विषय काढायचा नव्हता, पण आता निघालाच – जिन्यात मधेच बसतात ते, चपलेचा बंद नीट करायचं निमित्त करून. तुम्ही जोडलेली शीर बुजली त्यांची. आई काही बोलली की म्हणतात, ‘माझ्या भावानं शिवलंय ते, शीरच नाठाळ निघाली.’ मीही तेच धरून बसले – पेशी दोषी ठरल्या की घरात कुणी दोषी उरत नाही. त्यासाठीच शिकले बहुतेक. त्यांच्या शिरेचंही असंच झालं, असं नाही म्हणत मी. ते आता कधी कळायचं नाही.

आजच्या पेशंटचं मात्र आपल्या हातात आहे. सकाळी उठले आणि ठरवलं – सिरिंजला जोडायचं दाबमापक तुमच्या ट्रेमध्ये ठेवायला सांगितलंय. काटा लाल रेघेला टेकला की थांबायचं. तुम्ही ते काढून ठेवलंत, तर दुपारच्या बैठकीत ते तुकडे सगळ्यांना दाखवीन, कुणाच्या हातचे ते सांगून. काका आहात, म्हणून आधी तुम्हाला सांगितलं.

नको, आता काही बोलू नका. उठा. हात धुवायची वेळ झाली.