बुटक्याला ओलांडलं तेव्हा

हसू नका, पण माझ्या काळजात खरंच धस्स झालं. आमची पूनम वर्गात सगळ्यात ठेंगणी. लेकराला ओलांडलं की वाढ खुंटते, उलटं ओलांडलं तरच पुन्हा सुरू होते, म्हणून ती झोपली की मी राखणीला बसते.

परवा ती माझ्या दिरांसोबत कॉम्प्युटरवर गेम खेळू लागली. उंच शिपाई सोडून तिनं कुऱ्हाडवाला बुटका घेतला. दिरांचा शिपाई नेमका त्याच्यावरून उडी मारून गेला.

मी ओरडले, "भाऊजी, जल्दी उलटं ओलांडा! वाढायचा न्हाई तो!"

पूनम म्हणाली, "मम्मी, गुडघ्यापर्यंत दाढी हाये त्याला. आता काय वाढंल?"

"बराबर हाये, वैनी," भाऊजी हसले.

"असू द्या दाढी. माझ्या लेकीनं घेतलाय त्याला."

भाऊजींकडून उलटी उडी मारून घेतली, मंगच चहा ठेवला.