रबरी अळी आणि हामूर

हसू नका, रबरी अळीला मासा लागतो. आखातात रुवैसला माझा रूममेट होता प्रकाश, मूळ देवगडचा; ती हुकावर अशी ओवायचा की हुकाचं टोक दिसायचंच नाही. त्याचे वडील जन्माचे मासेमार. फोनवर म्हणायचे, “रबराक खंय मासो गावता?”

एका सुट्टीला किनाऱ्यावर त्याला मोठा हामूर मासा लागला. दोन्ही हात गळात गुंतलेले, म्हणून त्याचा वाजणारा फोन मी उचलला. त्याचा भाऊ रडत होता, “बाबा गेले.”

तेवढ्यात मासा वर आला. प्रकाश ओरडला, “फोटो काढ! बाबांक धाडूया!”

 मी फोटो काढला आणि मग सांगितलं.

तो खडकावर बसला. फोटोकडे बघत म्हणाला, “मगे आता फोटो कोणाक धाडू?”