पहिल्या सभेत दिलेली विहीर

नांगर धरणारा माणूस राजकारणात कसा टिकला, असं विचारता ना? मग माझ्या पहिल्या सभेचं ऐका. जिल्हा परिषदा नुकत्याच सुरू झाल्या होत्या. उमेदवार म्हणून डोणगावात बोलायला उभा राहिलो आणि तोंडातून शब्दच फुटेना.

समोरून आमच्याच गावच्या बौद्ध वस्तीतली राधाबाई ओरडली, "काऊन रे बापू, बोलत काऊन नाही? निवडून आल्यावर आमाले पाणी तरी देशीन का?"

"निवडून यायची वाट कायले पाह्यतं, माय? उद्यापासून आमच्या मळ्यातल्या विहिरीवर या!" मी बोलून गेलो.

टाळ्या पडल्या आणि मला घाम फुटला. विहीर थोरल्या भाऊंची होती, आणि ते समोरच बसले होते.

परतताना बैलगाडीत ते माझ्याकडं पाठ करून बैल हाकत राहिले. मला वाटलं, राजकारण गेलं आणि घरही गेलं. दारात उतरल्यावर त्यांनी हाक मारली, "किसना!"

"जी, भाऊ?"

"विहिरीचा कठडा ढासळला हाय. सकाळी बाया यायच्या पह्यले नीट कर. कोणी पडलं तं?"

मी गाडीच्या चाकाला टेकून खालीच बसलो आणि हसत सुटलो. पुढं निवडून आलो, पण निकालाच्या दिवशीही जीव इतका हलका झाला नाही.