सातवीचा निकाल

...नाही नाही, माझं चुकलं म्हणूच नका! तुम्ही त्या डब्यासमोर एक दिवस बसून दाखवा, मग बोला! आमच्या राजपुऱ्याच्या मराठी शाळेत कम्प्युटर एकच, तोही म्हातारा, आणि त्याच्या पोटात विंडोज किती? तीन! दाखले निघतात फक्त त्या जुनाट अठ्ठ्याण्णवमध्ये. प्रिंटर ऐकतो फक्त एक्सपीचं. आणि मार्क भरायचे ते नव्या सेव्हनमध्ये, तिला आम्ही सगळे 'सातवी' म्हणतो. चालू केला की काळा पडदा विचारणार, कुठं जायचं बोला! जरा शिंक आली, बोट चुकलं, की चालला भलतीकडं! करा बंद, करा परत चालू... डबा एक, मालक तीन!

तुम्हाला सांगतो, निकालाचा दिवस. आमच्या मोठ्या बाई, सुनंदाबाई, त्यांचं आधीच फर्मान: "काळे सर, यंदा कागदबिगद नको, सगळं कम्प्युटरवर!" उत्तरपत्रिका रद्दीत गेल्यासुद्धा! सकाळपासून पालक फाटकात. सगळ्यांत पुढं कोण? बहादरपूरच्या सोजरबाई, पोरीचा हात घट्ट धरून. "सर, गणितात चांगले मार्क पडले तरच पुढं शिकवीन म्हणतो हिचा बाप." पोरगी माझ्याकडं बघते, मी डब्याकडं बघतो, आणि डबा म्हणतो जागा नाही! छापायला जागाच नाही! डबा एक, मालक तीन, आणि जीव जातोय माझा!

बोलावला चुडामणला. इथंच जवळ लालबागेत कम्प्युटर दुरुस्तीचं दुकान त्याचं. माणूस हुशार, पण शिकला हिंदी शाळेत, निकालाला घरी सगळे रिझल्टच म्हणतात... इथंच तर घात झाला ना! बसला, टकटक केली, मान हलवली. "सर, एक डिब्बे में तीन-तीन! दम घुट रहा इसका. एक निकालनी पड़ेगी, तभी छपेगा. बोलो, कौनसी?" मी म्हटलं थांब बाबा, जरा विचार करू दे... तेवढ्यात दारातून मोठ्या बाई कडाडल्या, "काळे सर, पालक तापलेत! आधी कुठला वर्ग?" मी दाराकडं तोंड करून बोंबललो, "सातवी! आधी सातवीचा निकाल!"

मागून चुडामण, "सातवी? पक्का ना सर?"

मी बाईंच्याच तोंडाकडं बघत, "अरे पक्का, पक्का! लवकर कर!"

थोड्या वेळानं म्हणतो, "निकाल दी सर!" मला वाटलं, छापून निघाला, सुटलो देवा! वळून बघतो तर प्रिंटर कोरडा ठणठणीत. "अरे चुडामण, कागद कुठाय?"

"कागद कैसा? आपने ही बोला ना, सातवी निकाल! जड़ से साफ कर दी. अब देखो, जगह ही जगह!"

जागाच जागा! पण छापू काय, माझं कपाळ? सगळ्या वर्गांचे मार्क त्या सातवीच्या पोटात होते, गेले तिच्याबरोबर! डबा एक, मालक दोन... एकाला गिळलं मेल्या चुडामणनं!

बाहेर आलो. सोजरबाई पुढं झाल्या. "सर, लागला का वो निकाल?" पोरगी रडायच्या बेतात. मी पटकन म्हटलं, "ताई, हिचा गणिताचा पेपर मी स्वतः तपासलाय. वर्गात पहिली आहे! बापाला सांगा, काळे सरांनी सांगितलंय म्हणून!" पोरगी अशी हसली हो... मी पण हसलो. आणि तिथंच फसलो, कारण बाकीचे सगळे पालक माझ्या अंगावर! "आणि आमचा, सर? आमच्या पोरांचा निकाल?"

म्हटलं, "तुमचा लागायचाय हो... सध्या माझा लागलाय!"